त्रिरश्मीचा यवन आणि तेरची हस्तिदंती बाई



इटली देशात नेपल्स नावाचे शहर आहे. तिथले पुराणवस्तू संग्रहालय आणि जवळचे पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या नगराचे अवशेष पाहायला जगभरातून माणसे येतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेले. १९३८ साली तिथले एक घर उकरताना वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई सापडली. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. तिच्याकडे पाहताच तज्ज्ञांनी ओळखले, ही बाई रोमची नव्हे, भारतातून आलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, नेपल्सचे आम्हाला काय? कामावर एक खाडा पडला तर महिन्याचा हिशेब कोलमडतो, तिथे विमानाचे तिकीट कोण काढतो? बरोबर आहे. पण त्या बाईच्या घराण्यातली शोभावी अशी मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी आहे. आणि रोमच्या व्यापाराचा पैसा ज्या वाटेने घाट चढून वर येत होता, त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम म्हणजे आपले नाशिक. तेव्हा या वेळी आपण रोम पाहू, पण एस.टी.ने जाता येईल तेवढेच.

ही वाट कशी होती ते आधी समजून घ्यावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्त रोमच्या ताब्यात होते. तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून जहाजे निघत, पावसाळी वारे शिडात भरून घेत आणि आपल्या किनाऱ्याला लागत. भडोच, सोपारा, कल्याण ही त्यांची ठिकाणे. त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी माहितीपुस्तकात (त्याला 'पेरिप्लस' म्हणतात) बंदरांची आणि मालाची यादीच आहे. आपल्याकडून कापड, हस्तिदंत, अकीक, पिंपळी, सुगंधी मुळ्या जात. तिकडून दारू येई, त्यातही इटलीची दारू जास्त पसंत. तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, सोन्या-चांदीची नाणी येत. आणि राजासाठी म्हणून गाणारी पोरे आणि देखण्या मुलीही येत. हे वाक्य वाचताना थांबायला होते. मालाच्या यादीत माणसे! व्यापाराच्या वैभवाचे गोडवे गाणारे लेखक ही ओळ सहसा गाळतात. आपण गाळू नये. विकली जाणारी माणसे कोणाच्या तरी मुलीच होत्या.

रोमचा लेखक प्लिनी कुरकुर करतो, की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. आणि इ.स. १५० च्या सुमारास टॉलेमी नावाचा भूगोलकार आपल्या ग्रंथात 'नासिका' हे नाव लिहून ठेवतो. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला आपले गाव ठाऊक होते!

आता चला त्रिरश्मीवर. मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर हा डोंगर. पायथ्याशी बुद्धस्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक. वर चढायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचे तर सकाळीच निघावे. उन्हात दगड तापतो. मुख्य लेणी २४. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांनी ही लेणी कोरली असे इथल्या एकाही शिलालेखात नाही. ३ क्रमांकाच्या लेण्यात एका राजाच्या पराक्रमाची तुलना राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी केली आहे, संबंध एवढाच. लेखात डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. हेच त्रिरश्मी. आणि लेणी कोणासाठी, तर चारही दिशांच्या भिक्खूसंघासाठी, हे लेखांत पुन्हा पुन्हा स्पष्ट लिहिलेले आहे.

बहुतेक मंडळी ३ नंबरचे, १० नंबरचे आणि १८ नंबरचे चैत्यगृह पाहून, फोटो काढून परततात. आपण १७ नंबरच्या लेण्यासमोर थांबावे. व्हरांड्यात वर जो लेख कोरला आहे तो एका यवनाचा आहे. नाव इंद्राग्निदत्त. बापाचे नाव धर्मदेव. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री नगराचा राहणारा. त्याने तिरण्हु पर्वतात हे लेणे, आत चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढ्या खोदवल्या. आईवडिलांसाठी म्हणून. सोबत मुलगा धम्मरक्षित. सर्व बुद्धांच्या पूजेसाठी हे दान भिक्खूसंघाला दिले.

यवन म्हणजे कोण? मूळ अर्थ ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांना सरसकट हा शब्द लावू लागले. इंद्राग्निदत्त रोमन होता असे म्हणता येणार नाही. त्याचे नगर दिमित्र या ग्रीक राजाच्या नावाचे असावे, असा तर्क अभ्यासक करतात. घराणे ग्रीक, देश उत्तरेचा, दान नाशिकला. उगाच फुगवून सांगण्याची गरज नाही. आहे तेच पुरेसे मोठे आहे.

मागे एका महिला मंडळाबरोबर या लेण्यात गेलो होतो. लेखाचा अर्थ सांगून झाल्यावर सत्तरीच्या एका आजींनी विचारले, "बाबा, त्यानं आईबापासाठी केलं म्हणतो, तर आईचं नाव लिवलंय का?" मी सांगितले, बापाचे आहे, आईचे नाही, नुसते मातापित्यांसाठी असे आहे. आजी म्हणाल्या, "तिकडचा असो न्हाई तर हिकडचा, समदे सारखेच." बायका हसल्या. मग त्यांच्यातलीच एक ताई म्हणाली, "आजी, पण पोराचं नाव बघा, धम्मरक्षित." आणि मग बराच वेळ सगळ्या जणी नावांवरच बोलत राहिल्या. आजोबा धर्मदेव, मुलाच्या नावात इंद्र आणि अग्नी, नातू धम्मरक्षित. आपल्या घरांतून १९५६ नंतर पोरांची नावे कशी बदलली, दगडू-धोंड्याच्या घरी सिद्धार्थ, गौतम, सुजाता, राहुल कसे आले, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

असे यवन नाशिकला एकटाच नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. परक्या मुलखातून आलेली माणसे धम्मात आली आणि त्यांना जात विचारून कोणी दाराबाहेर ठेवले नाही. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला, लाठ्या आणि दगड खावे लागले, त्याच नाशिकच्या डोंगरावर हा लेख आहे. बाबासाहेबांना हा इतिहास चांगला ठाऊक होता. औरंगाबादला १९५० साली काढलेल्या कॉलेजला मिलिंद हे नाव पडले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे यवन राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला, हे मला फार आवडते.

१० नंबरच्या लेण्यात तर पैशाचा हिशेबच आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे दिले आणि सोबत ३००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता आपली पोरे हिशेबाला लावा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू २०. प्रत्येकाला चीवरासाठी १२. वीस बारे दोनशे चाळीस. बरोब्बर! उरलेल्या हजारावर वर्षाला ९०, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चाला. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर नोंदवला, असेही लेख सांगतो. भिशी आणि पतपेढी चालवणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना यात नवल वाटणार नाही, पण विणकरांच्या हातात राजाच्या जावयाने विश्वासाने पैसे ठेवले, ही गोष्ट मुलांना सांगावी. दिल्ली-मुंबईच्या बँका फार नंतर आल्या.

त्याच लेण्याच्या अंगणात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका. तिने त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी श्रेणींकडे पैसे ठेवले. त्या श्रेणी कुणाच्या? कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे बनवणाऱ्यांच्या, तेल गाळणाऱ्यांच्या. यंत्रे बनवणाऱ्यांकडे सर्वांत जास्त, २०००. ८ नंबरचे लेणे मुगुदासाने आपल्या परिवारासह दिले. त्याच्या नावामागे 'दासक' शब्द आहे, त्याचा अर्थ मासेमार असा अभ्यासक लावतात. त्या लेण्यातल्या भिक्खूला चीवर मिळावे म्हणून धम्मनंदी नावाच्या उपासकपुत्राने एक शेत दिले. चैत्यगृहाच्या दारावरचे काम धंभिक गावच्या लोकांनी मिळून दिले. म्हणजे गाववर्गणीच की.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उषवदात काही केवळ बौद्ध दाता नव्हता. १० नंबरच्याच लेण्यात त्याने ब्राह्मणांना तीन लाख गाई आणि सोळा गावे दिल्याचे, प्रभासक्षेत्री आठ ब्राह्मणांची लग्ने स्वखर्चाने लावून दिल्याचेही कोरले आहे. आणि नहपानाच्या घराण्याचा निःपात करणारा गौतमीपुत्र सातकर्णी? ३ नंबरच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री मुलाचे गुण गाते. त्यात त्याने शक, यवन, पल्हवांना मारले असे आहे, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असेही आहे. लेणे भिक्खूसंघाला आणि अभिमान वर्णव्यवस्था राखल्याचा! काही वक्ते जयंतीच्या भाषणात सातवाहनांना सरसकट 'आपले बौद्ध राजे' म्हणून टाळ्या घेतात. लेख वाचला तर तसे म्हणवत नाही. राजांपेक्षा मला मुगुदास आणि विष्णुदत्ता जवळचे वाटतात.

लेखांबद्दल एक विनंती. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नका, ओला हात फिरवू नका. मेणबत्ती आणि अगरबत्ती भिंतीला टेकवून लावू नका, काजळीने दगड खराब होतो. बदामात नावे कोरणारी पोरे आपल्याही वस्त्यांतली असतात, त्यांना तिथल्या तिथे अडवा. इंद्राग्निदत्ताचे नाव एवढी शतके टिकले, ते आपल्या डोळ्यांदेखत पुसले जायला नको.

नाशिकजवळ गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाकाठी जोगलटेंभी गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. राज्य बदलले तरी चांदी तीच, फक्त छाप नवा! नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे. भाषा मात्र ग्रीक नाही. आपल्याकडचेच शब्द ग्रीक अक्षरांत लिहिले आहेत. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. राजाचा चेहरा नाण्यावर टाकण्याची ही ढब रोमच्या नाण्यांवरून उचलली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आजच्या नोटेवरच्या भाषा पोरे मोजतात, तशा या नाण्यावरच्या लिप्या मोजायला सांगाव्यात. नाशिकमध्ये नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था १९८० साली अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावर सुरू झाली. नाण्यांची गोडी लागलेल्या मुलामुलींना ते नाव माहीत असू द्यावे.

आता तेर. नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते नाही. पण सोलापूर, लातूर, बार्शीकडे नात्यातले कोणी असेलच. लग्नकार्याला गेलो की एक दिवस जास्त काढावा. धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटर. तेरणा नदीकाठचे गाव, संत गोरा कुंभारांचे म्हणून सगळ्यांना ठाऊक. पेरिप्लसमध्ये याच गावाला 'तगर' म्हटले आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून गाड्या भरभरून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल भडोचला जाते. जाडेभरडे कापड कोण विणत होते आणि मलमल कोण नेसत होते, याचा विचार करावा.

गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद. पांढरीच्या मातीत, शेतात, नदीकाठी जे सापडेल ते त्यांनी जपले. लोक वेडा म्हणत असतील; आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तिथे आहे. आत काय पाहाल? पांढऱ्या मातीच्या, दोन साचे जोडून केलेल्या पोकळ मूर्ती. ही दोन साच्यांची रीत रोमकडून आली असे मानतात. रोमन नाण्याची नक्कल करून मातीत उठवलेल्या चकत्या, भोक पाडून गळ्यात घालण्यासाठी. म्हणजे ज्याला सोन्याचे परवडत नव्हते, तो मातीचे घालत होता! आपल्याकडे खोट्या पुतळ्यांची माळ घालतात तसेच. सातवाहनांची शिशाची नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीबेरंगी मणी. आणि ती हस्तिदंती बाई. पॉम्पेईच्या बाईपेक्षा लहान, पण तशीच दागिन्यांनी मढलेली, तशीच उभी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही अशीच एक मिळाली. पॉम्पेईच्या मूर्तीला लक्ष्मी म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण ती देवी असेलच असे नाही. तिच्या डोक्यातून खाली भोक आहे. आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावा. कोणा श्रीमंत घरातल्या वापराची वस्तू.

ती कोणी कोरली त्याचे नाव कुठेच नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर मात्र विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे काम केले असे लिहून ठेवले आहे. तेरच्या कारागिराला ती संधी मिळाली नाही. (कोल्हापूरला सवड झाली तर टाऊन हॉल संग्रहालयही पाहा. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती कोल्हापूरचीच.)

संग्रहालय झाले की गावातच त्रिविक्रमाचे देऊळ आहे. समोरून पाहिले तर साधे देऊळ. पण मागच्या बाजूला जा. विटांची भिंत सरळ न जाता गोल वळते, हत्तीच्या पाठीसारखी. कार्ल्याच्या, त्रिरश्मीच्या चैत्यगृहाचा आकार आठवा, तोच. हे मूळचे विटांचे बौद्ध चैत्यगृह, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझन्स या ब्रिटिश पुरातत्त्व अधिकाऱ्याने लिहून ठेवले. पुढे १९५८ साली चापेकरांनी तेरला उत्खनन केले, त्यानंतरही खणले गेले आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आता तिथे त्रिविक्रमाची पूजा होते, गावची माणसे श्रद्धेने येतात. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नये. शांतपणे मागे जाऊन भिंत पाहावी, मुलांना दाखवावी, आणि गावातल्या कोणी विचारले तर कझन्सचे नाव सांगावे. मी गेलो तेव्हा पुजाऱ्यांनी स्वतःच आम्हाला मागे नेले होते आणि विटा केवढ्या मोठ्या आहेत ते हाताने मोजून दाखवले होते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. तेरच्या संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्यावा. त्रिरश्मीला तिकीट आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी, कागद खाली आणावेत. एखाद्या मुलाजवळ वही द्यावी. १७ नंबरच्या लेण्यातली पहिली चार अक्षरे जशी दिसतात तशी काढायला सांगावीत, आणि घरी आल्यावर ब्राह्मीच्या तक्त्याशी ताडून पाहावीत.